उकळलेल्या पाण्याची बाटली

सातवीत शाळा सुटलेला मी विदर्भातून पार महाडला आलो, आणि भूजल तपासणाऱ्या साहेबांनी एकही कागद न मागता मला जीपवर ड्रायव्हर ठेवलं. ते उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच त्यांचा राग येणं मला जड गेलं.

पोलादपूरच्या डोंगरात, पठाराखालच्या एका वाडीला उन्हाळ्यात एकच झरा. वर पठारावर एका बंगलेवाल्याला बोअर मारायच्या होत्या. झऱ्याचं पाणी पठारावरूनच मुरून येतं असं ठरलं, तरच त्या अडणार होत्या. साहेब ते तपासत होते. उंचावर पडलेल्या पावसाचं पाणी किंचित हलकं, खाली पडलेल्याचं जड, आणि हा फरक प्रयोगशाळेत कळतो, असं त्यांनीच गाडीत मला समजावलं होतं.

पण वाडीत पोचल्यावर झऱ्याची उतरण पाहून ते एका घराच्या ओटीवरच बसले आणि झऱ्याचं पाणी भरून द्या म्हणून बाटली घरच्या काकींच्या हातात दिली.

निकाल आला. पाणी जड, म्हणजे पठाराचं नाही. ते वाडीला सांगायला आम्ही पुन्हा गेलो. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "जड कसं रे? मी तर चांगलं उकळून, गाळून दिलं. शहरच्या मानसाला कच्चं पानी बाधतं."

उकळताना हलकं पाणी आधी वाफ होऊन जातं, जड मागे राहतं. हेही साहेबांनीच शिकवलेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बुटाची नाडी बांधत म्हणाले, अडाणीपणा, दुसरं काय. आता अहवाल गेलाय.

माझं डोकंच फिरलं. बाईनं पाहुण्यासाठी सरपण जाळलं, आणि पगार घेणारा चार पावलं उतरला नाही. नोकरी गेली तर या मुलखात मला कोण विचारणार होतं? तरी जीपची किल्ली खिशात टाकली.

"साहेब, तुम्ही झऱ्यावर बाटली भरल्याशिवाय गाडी निघायची नाही."

काकी पदर खोचून उठल्या. "चला साहेब, हात धरते मी. आमची शेरडं उतरतात, तुमी पन उतराल."

साहेब उतरले. बाटली पाण्यात बुडवली, हवा राहू न देता पाण्यातच झाकण लावलं. ते पाणी प्रयोगशाळेत हलकं निघालं, म्हणजे पठाराचंच. बोअर अडल्या. मला त्यांनी काढलंही नाही.

पण नव्या अहवालात लिहिलं, पहिला नमुना ग्रामस्थांच्या चुकीमुळे बाद. ग्रामस्थांच्या! झऱ्यावर कोण गेलं नव्हतं, ते कुठेच नाही.