थरथरत्या रेघेचा नेचा

तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. आजारपणानंतर उजवा हात थरथरू लागला आणि मी ब्रश ठेवून दिला. एके दुपारी सून सुजाताने लॅपटॉपवर चित्रं काढायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडून दिलं. म्हणाली, "बाबा, एक रेघ तर ओढा."

मी ओढली. वाकडीतिकडी आली. "पुसून टाक," मी म्हणालो.

"थांबा, आधी हे बघा." तिने फ्रॅक्टलचा पर्याय निवडला. त्या रेघेला तिच्यासारख्याच लहान रेघा फुटल्या, त्यांना आणखी लहान, आणि बघता बघता पडद्यावर नेच्याचं, म्हणजे फर्नचं, पान उभं राहिलं. मग मी मुद्दाम सॉफ्टवेअरमधली तयार सरळ रेघ घेऊन तिचं पान करून पाहिलं. ते नीटनेटकं झालं, पण कागदी तोरणासारखं निर्जीव.

डोंगरातल्या नेच्याच्याही लहानात लहान पात्यात अख्खं पान असतं, त्याच्या बाकासकट. मुलांच्या वह्यांतल्या असल्या वाकड्या किती रेघा मी खोडल्या असतील!

सुजाताने वाकड्या रेघेचं पान छापून आणलं. ब्रश ठेवल्यानंतरच्या दोन वर्षांत मी पहिल्यांदाच चित्राखाली सही केली. हात थरथरत होता. मी त्याला थरथरू दिलं.