बिल्ल्यावरची बाई

आमच्या नवापूरच्या घराघरांत तो बिल्ला होता. पितळेचा, रुपयाएवढा. एका बाजूला पुढारीसाहेबांचं डोकं, दुसऱ्या बाजूला ताडाचं झाड, त्याखाली ताठ उभे साहेब आणि त्यांच्या पायाशी कमरेत वाकलेली कोळीण. ती कोळीण म्हणजे माझी आई. आग लागो त्या बिल्ल्याला! क्रिकेट खेळणारी पोरं नाणेफेकीलाही तोच उडवायची आणि विचारायची, ‘साहेब का बाई?’ मी तिथून मान खाली घालून जायचे.

झालं होतं असं. तारापूरकडं कारखाने वाढत होते, आणि आमचं मासळी सुकवायचं खळं नव्या रस्त्यात गेलं. रस्त्याच्या उद्घाटनाला साहेब आले तेव्हा आई सगळ्या बायकांच्या पुढं उभी राहिली. सुकवायला जागाच नाही, तर ही टोपली काय नुसती डोक्यावर मिरवू, असं विचारून तिनं रिकामी टोपली त्यांच्या पुढ्यात आदळली. साहेब मागं सरकले. पोलीस पुढं आले तशी आई टोपली उचलायला वाकली, आणि नेमका तेव्हाच साहेबांच्या माणसानं फोटो काढला. पुढं निवडणूक आली. त्या फोटोवरून बिल्ले पाडले, त्यातून टोपली तेवढी गाळली आणि कडेनं लिहिलं, ‘कोळ्यांचा कैवारी’.

तिथं हजर असलेल्या बायकासुद्धा बिल्ला बघून बघून म्हणायला लागल्या, पाया पडली होती खरी. काय मिळालं गो तुला, असं बाजारात तिला तोंडावर विचारायच्या. खळ्यासाठी पुन्हा साहेबांकडं जायचं ठरलं तेव्हा तिला कुणी बोलावलं नाही. जिच्या आवाजानं अख्खा बाजार दचकायचा, ती खाली मान घालून मुकाट मासे विकायला लागली. मला तिची लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून स्वतःचाच संताप यायचा. एकदा मी फाडकन विचारलंच, कशाला वाकलीस? पडू द्यायची होतीस तिथंच.

“टोपली नवी होती गो,” ती म्हणाली. “तशीच टाकून येऊ?”

पुढं मी पालघरला कॉलेजात जायला लागले. इतिहासाचे सर जीव तोडून शिकवायचे. एक दिवस त्यांनी फळ्यावर रोमन नाणं काढलं. एका बाजूला सम्राटाचं डोकं. दुसऱ्या बाजूला खजुराचं झाड, त्याखाली मान टाकून बसलेली बाई आणि शेजारी भाला घेऊन उभा शिपाई. ती बाई म्हणजे जिंकलेला मुलूख, सर म्हणाले. तेव्हा वर्तमानपत्रं नव्हती. बाजारात मासे घ्यायला निघालेला माणूससुद्धा सम्राटाचा विजय मुठीत घेऊन फिरायचा. कधी कधी तर लढाई धड जिंकलेलीही नसायची, पण नाण्यावर आलं की लोकांना ते खरं. माझे कान तापले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या वाणगावच्या मुलानं खिशातून आमचा बिल्ला काढून सरांना दिला. सर हरखलेच. हुबेहूब तेच की, म्हणत त्यांनी तो वर्गात फिरवायला दिला. मुलं बघून हसत होती. बिल्ला माझ्या हातात आला तेव्हा वाटलं, गुपचूप पुढं सरकवावा, कुणाला काय कळतंय. पण उठले.

“सर, ही माझी आई आहे. ती पाया पडत नाहीये. टोपली उचलतेय, ती ह्यांनी गाळलीय.”

सर भला माणूस. जवळ आले, आवाज मऊ केला आणि म्हणाले, “बस, बाळ. पोटासाठी माणसाला वाकावं लागतं. त्यात लाज कसली?”

नाण्यांचा खोटेपणा आत्ताच शिकवून झालेला माणूस हा! त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं. मी खाली बसले. घरी गेल्यावर आईला सांगितलं, आज वर्गात तुझी गोष्ट सांगितली. तिनं हातातलं काम थांबवून विचारलं, पटली का त्यांना. मी हो म्हटलं. त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी मोठ्यानं बोलत होती.

आई गेली तेव्हा घरात तिचा एकही फोटो नव्हता. तेराव्याला हार घालायचा कशाला? शेवटी तोच बिल्ला घेऊन मी बोईसरच्या फोटोवाल्याकडं गेले. मोठा करून देतो, म्हणाला. साहेब खोडून टाकतो, झाडही घालवतो.

“लेकिन अम्मा को सीधा कैसे करूँ?”

मी म्हटलं, सरळ करू नकोस बाबा. हातात टोपली रंगव. त्यानं ब्रशनं बारीक काम करून टोपली रंगवली, अगदी नवीकोरी. फोटो भिंतीवर लागला. इतक्या वर्षांनी आई जशी होती तशी दिसत होती.

तेराव्याला शेजारची काकी आली. साहेबांसमोर त्या दिवशी ती आईच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तिनं हार घातला, फोटो जवळून निरखला आणि माझ्या पाठीवरून मायेनं हात फिरवला.

“टोपली मागनं रंगवलीस ना गो?” ती हळूच म्हणाली. “बरं केलंस. झाकायलाच पायजे होतं.”

मी मान खाली घालून तिला चहा दिला.