डाव्या दिव्याचा चौथा नट

मोटार सुटी करायला अक्कल लागत नाही, असं माझा मोठा भाऊ म्हणायचा. हा टोमणा मला असायचा, कारण सुटं करण्याचं काम माझं होतं. धुळ्यात आग्रा रोडला आमचं दोघांचं मोटारदुरुस्तीचं दुकान आणि मागे घर. भावाला सगळा रस्ता नाना म्हणायचा, मीही तेच म्हणायचो. जोडणी त्याची. नट त्यानं बोटांनी चढवायचा आणि मग पाना मी मारायचा, असा आमचा नेम होता. नट बोटांनी गुमान चढला तर तो त्याच जागेचा. पहिल्याच आट्याला जोर करावा लागला तर काहीतरी चुकलंय, काढा परत. हा नेम नानानं मोडलेला मी कधी पाहिला नव्हता.

लढाई संपली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका कापडवाल्या शेठची जुनी मोटार आमच्याकडे आली. लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून ती कित्येक वर्षं विटांवर उभी होती. गादीत उंदरांच्या तीन पिढ्या नांदून गेल्या असाव्यात. शेठची मुलगी पाचोऱ्याला दिलेली. लग्नात ती याच मोटारीतून सासरी गेली होती, आणि येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, तिला याच मोटारीतून माहेरी आणायचं शेठच्या मनात होतं. नाना म्हणाला, आणू. एकदा तो असं म्हणाला की शेठही पुन्हा विचारायला आले नाहीत.

मी दोन महिने सुटं करत होतो. नाना लिहून काही ठेवत नसे. एका भागाचे नट, वायसर, खिळे एका चिंधीत बांधायचे, एवढीच त्याची पद्धत. चिंध्या वहिनीच्या जुन्या लुगड्यांच्या असत. रंगावरून त्याला कळायचं, कुठली पुरचुंडी दाराची आणि कुठली रेडिएटरची. हे बांधाबांधीचं काम तो संध्याकाळी ओट्यावर करायचा आणि वहिनी समोर बसून चिंधी धरायची. मी त्या वेळी नाक्यावरच्या हॉटेलात बसून स्वराज्य कधी येणार याचा निकाल लावत असे.

होळी झाली आणि नानानं जोडणीला हात घातला. पहिल्या दिवशी पुढचे दिवे बसवले. डाव्या दिव्याचा चौथा नट चढवताना त्याला वेळ लागत होता. मी पाना घेऊन ताटकळत उभा. मला धीर कधीच नव्हता.

"नाना, हात थरथरस तुना," मी म्हणालो. "म्हतारा व्हयना का?"

तो हसला. नट चढवला, हात पुसले आणि पाणी प्यायला म्हणून घरात गेला. तो पुन्हा दुकानात आलाच नाही. विषमज्वर, असं डॉक्टर म्हणाले. नवव्या दिवशी नाना गेला.

सुतक फिटलं की आमच्याकडे घरातलं कापड न् कापड धुवून काढतात. त्या दिवशी दुपारी मी दुकानात आलो आणि जागच्या जागी थांबलो. दोरीवर हिरव्या, जांभळ्या, मोरपंखी चिंध्या वाळत होत्या. खाली एका घमेल्यात सगळ्या मोटारीचे नट-बोल्ट रॉकेलनं धुऊन लख्ख करून ठेवले होते. एकत्र.

"हाई काय करं, वहिनी?" मी ओरडलो. नुसता ओरडलो नाही, घमेल्याला लाथ मारली.

ती दारात उभी होती. "सुतकनं कापड शे, भाऊ," ती म्हणाली. "त्यासनं काम शे. मळकं कसाले ठेवानं?"

आणि आत निघून गेली. नवरा जाऊन पंधरा दिवस न झालेल्या बाईवर मी असा ओरडलो. ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

पुढचे कितीतरी दिवस मी घमेल्यासमोर बसून काढले. शेकडो नट, सगळे सारखे. नानाचा शब्द माझ्या हातून जाणार होता, आणि तो गेल्यावर माझ्याकडे त्याचं दुसरं काही उरत नव्हतं. शेवटी शेठला नाही म्हणून सांगून यावं, म्हणून मी टोपी घातली. तेवढ्यात वहिनी दुकानात आली. पदरात घड्या घातलेल्या चिंध्या होत्या. ती खाली बसली आणि एकेक चिंधी फरशीवर पसरू लागली.

"हिरवीमा चार लांबा, दोन आखूड," ती म्हणाली. "एक वाकडा खिया बी व्हता."

तिला एकाही भागाचं नाव येत नव्हतं. पण प्रत्येक चिंधीत काय पडलं ते तिनं रोज संध्याकाळी पाहिलं होतं, आणि ते तिच्या ध्यानात होतं. मी टोपी काढली.

त्या दिवसापासून आम्ही दोघं जोडायला लागलो. ती घमेल्यातून निवडून चिंधीवर ठेवायची, मी बोटांनी चढवायचो. नेम मोडायचा नाही, म्हणून पाना तिनं मारायचा. बांगड्या नसलेला तो हात पान्यावर बघवत नसे. गल्लीत बोलणारे बोलले. मी त्यांना असं काही बोललो की ते पुन्हा आमच्या बाजूनं फिरकले नाहीत.

नानानं चढवलेले पण पाना मारायचे राहिलेले असे डाव्या दिव्याचे चार नट तेवढे होते. त्यांना मी हात लावत नव्हतो. रोज दुसरं काहीतरी काम निघायचं. आखाजीच्या आदल्या दुपारी दुसरं काही उरलं नाही. वहिनीनं पाना माझ्यापुढे धरला.

"हाई तुम्हीच करा, भाऊ."

तीन नट सरळ बसले. चौथा हलेना. मी वाकून पाहिलं तर तो तिरका बसला होता, आटा चुकून, जोर करून चढवलेला. नानाच्या हातचा. मी पाना खाली ठेवला.

वहिनीनं नट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही.

"तीन दिन पासून ताप व्हता त्यासले," ती म्हणाली. "माले सांगं, धाकल्याले सांगू नको, तो काम बंद पाडी."

आम्ही दोघंही रडलो. त्याच्याशेजारी दिवसभर उभा राहून मला ताप दिसला नाही, आणि तिला माहीत असून तिनं सांगितलं नाही. कुणी कुणाला समजावायचं?

तो नट कापून नवा बोल्ट घालता आला असता. करवत हातात घेतलीही होती. वहिनी म्हणाली, राहू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नानाच्या नावाची घागर भरली, वर खरबूज आणि सांजोऱ्या ठेवल्या. मी चुलीत त्याच्या नावाचा घास टाकला. मग मोटारीचं हँडल मारलं. ती लगेच सुरू झाली. न्यायला आलेल्या शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. डावा दिवा तीन नटांवर पाचोऱ्याला गेला आणि शेठच्या मुलीला घेऊन परत आला.

आता माझा हात खरोखरच थरथरतो. नट चढवायला गेलो की पहिला आटा चुकतो, आणि मी तो काढून पुन्हा चढवतो. नानाला मी म्हातारा म्हणालो होतो. तो चौतीस वर्षांचा होता.