न मोजलेला हात

माझा हात वर होता. प्रसादने तो मोजला नाही.

खोलीत पंधरा-वीस माणसं होती. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नमधली मराठी माणसं. बहुतेक कंपन्यांतले इंजिनिअर, दोन-चार युनिव्हर्सिटीतले. महिन्यातून एका रविवारी दुपारी प्रसादच्या घरी जमायचं, मिसळ खायची, एखाद्या विषयावर बोलायचं आणि शेवटी हात वर करून कौल घ्यायचा, असा त्यांचा रिवाज. त्या रविवारी विषय होता स्कॉटलंड. स्कॉटलंडने ब्रिटनपासून वेगळं व्हावं का.

"आल्झो, तर मग," प्रसाद मधे उभा राहून म्हणाला, "वेगळं व्हावं म्हणणारे, हात वर."

मी भिंतीजवळ बसले होते. हात वर केला. त्याचं बोट फिरायला लागलं. एक, दोन, तीन. माझ्या उजवीकडच्या पोरीवर आलं, चार. तिथून माझ्यावरून सरळ डावीकडच्या माणसावर गेलं, पाच. रिकाम्या खुर्चीवरून जातं तसं गेलं.

मी म्हणाले, "माझा राहिला."

तो हसला. "आजी, तुम्ही पण? बरं, बरं." पण आकडा वाढवला नाही.

मग शेजारच्याला म्हणाला, मला ऐकू जाईल अशा बेताने, "यांचं गठ्ठा मतदान असतं रे. कोणीतरी सांगायचं, सगळ्यांनी शिक्का मारायचा."

लोक हसले. जे हसले नाहीत ते आपल्या ताटलीत बघत होते.

यांचं म्हणजे कोणाचं, ते मला कळलं. पहिल्या भेटीत त्याने माझं आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. मग म्हणाला, "अच्छा, अच्छा." ते दुसरं अच्छा कशासाठी असतं ते मी जन्मापासून ऐकते आहे. जर्मनीत येऊन त्याला पंधरा वर्षं झाली, पण हे विचारायचं तो विसरला नाही.

माझा मुलगा मिलिंद समोरच बसला होता. मला वाटलं, हा बोलेल. तो ताटलीतली शेव चमच्याने एका बाजूला गोळा करत राहिला.

मी चौथी शिकले. पुढची शाळा दुसऱ्या गावात होती आणि आम्हाला शेण गोळा करायचं असायचं. वर्गात आम्ही दाराशी बसायचो. उत्तर यायचं तेव्हा मी हात वर करायची. गुरुजी पुढच्या दोन रांगा बघून फळ्याकडे वळायचे. हात दुखला की मी खाली घ्यायची. ते मला तेव्हा एवढं लागलं नाही. मनाला लागला तो बापाचा हात.

गावात नळ येणार होता. तो कुठे बसवायचा म्हणून चावडीपुढे सभा भरली. दोन जागा होत्या, देवळाजवळ आणि आमच्या वस्तीच्या तोंडाशी. आमची माणसं मागे, धुळीत बसली होती. आमच्या जागेसाठी हात वर करा म्हणाले. बापाने हात वर केला. सगळ्या वस्तीने केला. मोजणारा पुढून मोजत आला आणि आमच्या रांगा सुरू झाल्या तिथे थांबला. म्हणाला, "झालं."

सगळ्यांचे हात खाली आले. बापाचा तसाच वर. बराच वेळ. मग कोणीतरी ओरडलं, "ए, खाली घे, माश्या बसतील." पुढच्या रांगा हसल्या. बापाने हात खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसला.

नळ देवळाजवळ झाला. त्याला आम्हाला हात लावता येत नव्हता. घरी आल्यावर बाप जेवला आणि झोपला. त्या सभेबद्दल तो मरेपर्यंत बोलला नाही.

आता स्कॉटलंडचं सांगते.

नवरा गेल्यावर मिलिंद मला डंडीला घेऊन गेला. तिथे तो एका प्रयोगशाळेत होता, पिकांच्या रोगांवर काम करायचा. पैसा बराचसा युरोपातून यायचा. मी तिथे खूप वर्षं राहिले. त्यांनी वेगळं व्हायचं का म्हणून मत घेतलं तेव्हा मलाही मत होतं. भारताचा पासपोर्ट असला तरी तिथे रीतसर राहणाऱ्याला मत द्यायला मिळायचं. त्यांनी आपल्यावर राज्य केलं, त्याची एवढी एक गोष्ट माझ्या कामाला आली.

मतं मागायला एक उंच माणूस दारात आला. कोटाला बिल्ला. ब्रिटनबरोबरच राहा म्हणणाऱ्यांपैकी. मिलिंद घरी नव्हता. मला मोडकं इंग्रजी येतं. मी विचारलं, "माय सन जॉब, युरोप मनी. व्हॉट हॅपन?"

तो वाकला. माझा हात त्याने दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "स्टे विथ अस, अँड यू स्टे इन युरोप." आमच्याबरोबर राहा, युरोपात राहाल.

आमच्या वस्तीतही मतं मागायला लोक यायचे. ते लांबून नमस्कार करायचे. पाणी दिलं तर तहान नाही म्हणायचे. आणि हा गोरा माणूस माझ्या उंबऱ्यात उभा राहून माझा हात धरून माझ्या पोराच्या नोकरीबद्दल बोलत होता. मला तो खरा वाटला.

मिलिंद वेगळं व्हावं म्हणणारा होता. "आई, यांच्यावर विश्वास ठेवू नकोस," म्हणाला. मी त्याचं ऐकलं नाही. सकाळी धुतलेलं पातळ नेसून गेले आणि पेन्सिलीने फुली मारली, ब्रिटनबरोबर राहायचं म्हणून. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि स्वतः ठरवलं.

आमची बाजू जिंकली.

दोन वर्षांनी सगळ्या ब्रिटनने मत दिलं, युरोपात राहायचं की नाही. स्कॉटलंडने राहायचं म्हणून सांगितलं. मीही तिथेच फुली मारली. पण मोजणी सगळ्या देशाची एकत्र. इंग्लंडची माणसं जास्त, त्यांनी बाहेर पडायचं ठरवलं. झालं.

तेव्हा मला बापाचा हात दिसला. एवढ्या मोठ्या मुलखाचा हात वर होता आणि तो मोजलाच नाही.

शेजारी मॉरीन नावाची म्हातारी राहायची. ती वेगळं व्हावं म्हणणारी. मी दुसऱ्या बाजूला मत दिलं म्हणून दोन वर्षं आमचं बोलणं तुटक होतं. निकाल लागला त्या सकाळी ती आली, माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि म्हणाली, "यू बिलीव्ड देम, हेन." तू विश्वास ठेवलास गं. हेन म्हणजे त्यांच्याकडे मायेने म्हणतात तसं. मी चहा केला. दोघींनी प्यायला.

पुढे वेगळं व्हावं म्हणणारे दारात यायला लागले. पुन्हा मत घेऊ म्हणाले. पुढच्या वर्षी. मग त्याच्या पुढच्या वर्षी. शेवटी लंडनच्या कोर्टाने सांगितलं, लंडनची परवानगी नसेल तर मत घेता येणार नाही. हे त्यांना आधी ठाऊक नव्हतं का? ठाऊक असणारच. तरी बिल्ले लावून येत राहिले. त्यांनीही माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला.

प्रयोगशाळेतला पैसा आटत गेला. एकेक जण गेला. शेवटी मिलिंदचं कंत्राट संपलं ते पुढे वाढवलं नाही. त्याने जर्मनीत काम शोधलं आणि मलाही इथे आणलं. मॉरीन निरोप द्यायला खाली उतरली नाही, तिचे गुडघे गेले होते. खिडकीतून हात हलवला. त्या हिवाळ्यात ती वारली. मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

म्हणून मी त्या रविवारी हात वर केला होता. वेगळं होऊन त्यांचं भलं होईल की वाटोळं, मला ठाऊक नाही. पण ज्याचा हात मोजत नाहीत त्याने त्या सभेत का बसावं, एवढंच मला विचारायचं होतं. हात का वर केला, ते कोणी विचारलं नाही.

घरी येताना बसमध्ये मी मिलिंदला म्हणाले, "बोलला का नाहीस?"

"आई, राहू दे ना. ही वोनुंग त्याच्या ओळखीने मिळाली."

वोनुंग म्हणजे राहतं घर. आम्ही पाच महिने एका खोलीत काढले होते. घरमालक परदेशी नाव बघून फोन ठेवायचे. प्रसादने शब्द टाकला आणि हे घर मिळालं.

"मग तेव्हाच सांगायचं होतं," मी म्हणाले, "घराचं भाडं किती आणि आईची इज्जत किती."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. पन्नाशीला आलेला माणूस. त्याच्या मानेकडे बघून मला बाप आठवला. राग आला. रागापेक्षा दुःख जास्त झालं. चावडीपासून इथवर आलो आणि मान तशीच खाली.

त्या रात्री मी मॉरीनचं बोलणं आठवत होते. तू विश्वास ठेवलास. इतकी वर्षं मी ते माझ्या अंगावर घेतलं होतं. चौथी शिकलेली बाई, हिला काय कळतंय, म्हणून फसली. पण त्या उंच माणसाला ठाऊक होतं की तो देतोय तो शब्द पाळणं त्याच्या हातात नाही. लाज त्याला वाटायला हवी होती. मी कशाला बाळगत बसले?

महिना गेला. मग प्रसाद आमच्या दारात आला.

इथे शहरात परदेशी लोकांची एक समिती असते, राटहाऊसला म्हणजे नगरपालिकेला सल्ला देणारी. तिच्यासाठी निवडणूक. इथल्या मोठ्या निवडणुकीत मला मत नाही, या एका समितीला आहे. प्रसाद उभा राहिला होता. कोटाला बिल्ला नव्हता, पण हसणं तेच.

"आजी, नमस्कार! आपला माणूस निवडून द्यायचा हं."

"कोणाचा माणूस?"

"आपला. मराठी. आपण सगळे एकच ना इथे."

"त्या रविवारी तर यांचं म्हणाला होतात. आज आपलं झालं?"

मिलिंद मागून म्हणाला, "आई, आत ये."

मी गेले नाही. "माझा हात मोजला नव्हता तुम्ही. मी सांगितलं तरी मोजला नाहीत. मत मात्र हवंय."

"अहो, ते गमतीत होतं, आजी! तुम्ही मनाला लावून घेतलंत होय?"

"लावून घेतलं. मी मत देणार आहे. तुम्हाला नाही."

"गेनाऊ, गेनाऊ, बरोबर आहे," तो म्हणाला आणि मिलिंदकडे बघून हसला. "आजी एकदम कडक." पण जिना उतरताना हसत नव्हता. तो मला वरून दिसत होता.

मिलिंद त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "घर गेलं तर?"

"गेलं तर जाईल. पुन्हा एका खोलीत राहू. मी राहिले आहे."

तो भाकरी अर्धी टाकून उठला. माझ्या बोलण्याने तो सुधारेल असं मला वाटत नाही. त्याची भीती खरी आहे. घर खरंच जाईल कदाचित. त्याने ते कष्टाने मिळवलं आहे आणि मी ते धोक्यात घातलं, हे मला समजतं. तरी मी शब्द मागे घेणार नाही.

आमच्या भिंतीवर दोन फोटो आहेत. एक बुद्धाचा. दुसरा ज्यांनी आम्हाला मताचा हक्क दिला त्यांचा. त्यांनी ते मत पुढाऱ्यांच्या भरवशावर दिलं नव्हतं. मीही आता कोणाच्या भरवशावर देणार नाही. ज्याला देईन त्याच्या दारात नंतर जाऊन उभी राहीन आणि विचारीन, तू बोललास त्याचं काय झालं. तो हात धरायला आला तर हात मागे घेईन.

पुढच्या रविवारी प्रसादच्या घरी बैठक आहे. मिलिंद जायचं नाही म्हणतो. मी बस धरून एकटी जाणार. भिंतीजवळ बसणार नाही, पहिल्या रांगेत बसणार. विषय कुठलाही असो. हात वर करा म्हणाले की करीन. त्याचं बोट माझ्यावर येऊन तो मोठ्याने आकडा बोलेपर्यंत हात खाली येणार नाही. माश्या बसल्या तरी.