पत्त्यावर आढळला नाही

कोणाला ठेच लागली, कोणाच्या हातून तांब्या निसटला, कोणाची बस चुकली, की तो म्हणायचा, "पोले." तोंडातल्या तोंडात नाही. चांगला थांबून, त्या माणसाकडे बघून म्हणायचा.

पहिल्यांदा मी वैतागलोच होतो. ओट्याच्या पायरीवर माझा अंगठा आपटला होता, रक्त आलं होतं, आणि हा माझा भाडेकरू वरच्या खोलीच्या दारात उभा राहून पोले, पोले करतोय. पोले म्हणजे काय विचारलं, तर म्हणाला, सॉरी. मी खेकसलो, "तू कशाला सॉरी म्हणतुयास? तू काय पाय घातलास मधी?"

तो खाली आला, माझ्यापुढं उकिडवा बसला आणि त्याच्या अर्ध्या हिंदी अर्ध्या मराठीत म्हणाला, "तसं सॉरी न्हाई काका. चूक माझी न्हाई. तुम्हाला लागलं, ते मला कळलं. एवढंच." त्याच्या टांझानियात सगळेच असं म्हणतात म्हणे.

त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. का, ते पुढं येईलच. ज्या दिवशी ते नाव घ्यायला पाहिजे होतं त्या दिवशी मी घेतलं नाही. आता ते घेऊन मिरवायचा मला काय हक्क?

आमचं गाव लवळे. डोंगरावर कॉलेजं आली आणि आमच्या गावाचा धंदाच बदलला. मी पूर्वी दूध डेअरीवर माप घ्यायचो. नंतर थोडी जमीन विकली, घरावर चार खोल्या चढवल्या आणि झालो घरमालक. खोल्यांना परवानगी होती का, असं तुम्ही विचारू नका. गावात कोणीच विचारत नाही.

हा पोरगा पहिलं वर्ष हॉस्टेलला होता. मेसचं जेवण मानवेना म्हणून बाहेर खोली शोधत माझ्याकडं आला. चोवीस-पंचवीस वर्षांचा, ताडमाड, पायातली चप्पल अशी की आमच्या दारातल्या सगळ्या चपला तिच्यात मावाव्यात. भाड्याचं पाकीट देताना उजव्या हाताखाली डावा हात धरून दिलं, आपण तीर्थ घेताना धरतो तसा. आई आतून बघत होती. म्हणाली, "वळण हाय पोराला. ठेव."

ठेवला. पण परदेशी माणूस घरी ठेवला की घरमालकानं चोवीस तासांत पोलिसांकडं सी-फॉर्म भरायचा असतो. ऑनलाइन असतो. गावातल्या शहाण्यांनी मला सांगितलं, फॉर्म भरलास की पोलीस येणार, पोलीस आले की पंचायत येणार, मग खोल्यांचे कागद काढ म्हणणार. मी त्याला म्हणालो, "तुझा हॉस्टेलचाच पत्ता चालू दे. कोणी विचारलं तर हॉस्टेलला राहतो सांग."

त्यानं दारातली चप्पल पायानं सरळ केली. मग म्हणाला, "बरं काका." त्याला खोटं बोलायला आवडत नव्हतं, ते मला तेव्हाच दिसलं होतं.

संध्याकाळी कॉलेजातून आला की तो वर जायचा नाही. ओट्यावर आईशेजारी बसून घेवडा सोलायचा. आईला हिंदी येत नाही, इंग्रजी तर सोडाच, त्यामुळं त्यालाच मराठी शिकावं लागलं, आणि शिकला ते आईचं. कॉलेजात मॅडमनी प्रोजेक्ट कुठवर आला विचारलं तर हा उभा राहून म्हणाला, "मॅडम, लई अवघड हाय, पण व्हईल." सगळा वर्ग हसला. त्यानं घरी येऊन ते आईला सांगितलं, तर आई म्हणाली, "मग काय चुकलं त्यात?"

एकदा त्यानं मक्याच्या पिठाचा त्यांच्याकडचा पदार्थ केला. आईनं एक घास तोंडात टाकला आणि म्हणाली, "ह्यो तर घाटा. माझी आई करायची. मीठ इसरलास व्हय?" तेव्हापासून दर रविवारी घाटा. तो त्याच्या पद्धतीनं घोटायचा आणि आई मीठ टाकायची.

आईला दिवाळीपासून खोकला होता. वय झालं की खोकला यायचाच, असं म्हणून मी मेडिकलमधून बाटली आणायचो. आई खोकली की तो पाठ चोळायचा आणि म्हणायचा, "पोले, आजी." आईही शिकली तो शब्द. दूध नासलं तर पातेल्याला म्हणायची, पोले.

संक्रांतीनंतर तो स्वतःच खोकायला लागला. संध्याकाळी अंग तापायचं. गळ्याची हाडं दिसायला लागली. रस्त्यावरच्या डॉक्टरनं तीनदा औषध बदलून दिलं, फरक काही नाही. एका सकाळी त्यानं मला विचारलं, "काका, इथल्या सरकारी दवाखान्यात मला घेतात का? आमच्याकडं आम्ही सरकारीतच जातो. पण इथं मी बाहेरचा."

आता बघा. मला माहीत नव्हतं, हे खरं. पण माहीत नाही असं मी म्हणालो नाही. मी म्हणालो, "आधार कार्ड लागतं. तुला न्हाई मिळायचं." कारण दवाखान्यात गेला की पत्ता विचारणार, एवढं मात्र मला चांगलं माहीत होतं.

त्यानं ते खरं मानलं. महिनाभर तसाच कुढत राहिला. शेवटी आईच म्हणाली, "अरं, पोरांना डोस द्यायला सिस्टर येत्यात त्यांना इचार की. त्या काय परक्या हायेत?" त्यानं विचारलं. सिस्टर म्हणाल्या, पासपोर्ट घेऊन ये.

दवाखान्यात जाऊन आला त्या दुपारी तो धापा टाकत ओट्यावर आला, पण चेहरा बघण्यासारखा झाला होता. "काका, घेतलं! हाकललं न्हाई कोणी!" टीबी निघाला होता. टीबी निघाला म्हणून इतका आनंदलेला माणूस मी जन्मात बघितला नाही. सहा महिने गोळ्या, त्याही सरकारी, आणि पुरा बरा होशील म्हणाले होते. गोळ्यांचं पाकीट त्यानं मला दाखवलं, तेही उजव्या हाताखाली डावा धरून. मग म्हणाला, "पत्ता विचारला. मी इथला दिला. खरा द्यावा लागतो, त्या घरी बघायला येतात."

मी घाबरलो. त्याच्या आजारानं नाही हो. पत्त्यानं. आणि आतून दुसरंही काहीतरी बोललं. बाहेरून रोग आणला आणि माझ्या घरात ठेवला, असं मनात आलं. येतं माणसाच्या मनात. माझ्या आलं.

तीन दिवसांनी सकाळी अकराच्या सुमाराला सिस्टर स्कूटीवरून आल्या. हातात रजिस्टर. त्यांनी त्याचं पूर्ण नाव वाचलं, नीट, एकेक अक्षर जपून, आणि विचारलं, "हे इथेच राहतात ना?"

मी ओट्यावर उभा होतो. म्हणालो, "न्हाई. असं कोणी हितं राहत न्हाई. हॉस्टेलला असंल."

"पत्ता तर तुमचाच आहे. घाबरायचं काही नाही हो. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्यायची, एवढंच."

"सांगितलं ना, न्हाई म्हणून."

आत आई खोकली. सिस्टरनी विचारलं, "आत कोण खोकतंय?"

"आई हाय. वय झालंय."

त्यांनी दारातल्या चपलांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग रजिस्टरमध्ये काहीतरी लिहिलं आणि गेल्या. मी वळलो तर तो जिन्यात उभा होता. हातात पाण्याची बादली. सगळं ऐकलं होतं त्यानं.

मला वाटलं होतं चिडेल. चिडला असता तर मलाही ओरडता आलं असतं, तुला सांगितलं होतं ना म्हणून. त्यानं बादली खाली ठेवली आणि म्हणाला, "पोले, काका." अगदी थांबून, माझ्याकडं बघून. ठेच मला लागल्यासारखं.

आई आतून एवढंच म्हणाली, "माझ्याच पोटचा हायस का रं तू?"

दोन दिवसांत त्यानं खोली सोडली. मी राहा म्हणालो नाही. जाताना आईच्या पायाशी बसला, म्हणाला, "आजी, खोकला दाखवा." दारात मलाही तेच, "काका, माझं सोडा. आजीला घेऊन जा त्या सिस्टरकडं." मी मान डोलावली आणि नेलं नाही. कोणत्या तोंडानं नेणार होतो? आईही माझ्याशी कामापुरतीच बोलायची. दवाखाना म्हटलं की म्हणायची, "मी हितं राहत न्हाई म्हणून सांग जा."

पावसाळ्याच्या तोंडाला आईच्या थुंकीत रक्त दिसलं. मग मात्र दुचाकीवर पाठीमागं बसवून नेली. सिस्टर तिथंच होत्या. तपासणी झाली, टीबी निघाला. त्या रजिस्टर भरायला लागल्या. "खोकला कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

"घरात आधी कोणी पेशंट होतं?"

मी म्हणालो, "व्हतं." आणि त्याचं नाव सांगितलं. पूर्ण नाव. एकेक अक्षर.

"त्याला खोकला कधी लागला?"

"संक्रांतीनंतर."

त्यांचं पेन थांबलं. मला हिशेब कळला. दिवाळी आधी येते. बाहेरून काहीच आलं नव्हतं. बहुतेक त्या पोराला ते माझ्याच ओट्यावर मिळालं होतं, घेवडा सोलताना, माझ्याच आईची पाठ चोळताना.

त्यांनी रजिस्टरची मागची पानं उलटून एका ओळीवर बोट ठेवलं. त्याचं नाव, माझा पत्ता, आणि पुढं निळ्या शाईत: पत्त्यावर आढळला नाही.

"राहत होता सिस्टर," मी म्हणालो.

"माहीत आहे. चप्पल बघितली होती मी. नंतर त्याला विचारलंही, खरं राहतोस कुठे? तर म्हणाला, पत्ता मीच चुकीचा दिला, घरमालकांची काही चूक नाही. कागद मग हॉस्टेलच्या भागातल्या दवाखान्यात पाठवले, हॉस्टेल म्हणालं आमच्याकडे नाही. त्या टोलवाटोलवीत आठ दिवस गोळ्या तुटल्या त्याच्या. ह्या गोळ्या मधेच तुटून चालत नाही हो."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी बाकावर बसलेल्या आईकडं बघितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तिकडं माझ्यासाठी खोटं बोलला होता. ज्याला स्वतःसाठी खोटं बोलायला आवडत नव्हतं, तो.

"आता कुठं असतो?"

"नांद्यात खोली मिळाली त्याला. गोळ्या चालू आहेत."

नांदे काय लांब आहे? दुचाकीवर पंधरा मिनिटं. मी तीन महिने गेलो नाही. रोज ठरवायचो, उद्या. फोन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. आईच्या गोळ्या मात्र एक दिवस चुकवल्या नाहीत. ती बरी होत गेली, अंगावर मांस आलं, आणि एका रविवारी तिनं घाटा घोटला, डब्यात भरला आणि माझ्यापुढं ठेवला. "जा. आणि जे बोलायचं ते बोल."

गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. नांद्यातलं घर सापडलं, पुढं गोठा, मागं दोन खोल्या. एक बाई अंगणात शेंगा वाळत घालत होत्या. मी विचारलं.

"त्यो? त्यो गेला की ओ गणपतीत, त्याच्या देशाला. शिक्षण झालं, गोळ्याबी झाल्या. दवाखान्यातनं कागद घिऊन आला, बरा झाला म्हून. मला आधी दावला." मग म्हणाल्या, "लई गुणाचा. तुमी लवळ्याचं का? तिकडं त्याची एक आजी हाय म्हणायचा."

मी विचारलं, "तुमाला त्या पत्त्याचा, फॉर्मचा काय तरास झाला न्हाई?"

"कसला तरास? लेकानं मोबाइलवर भरला की फॉर्म. आन दवाखान्याला एक ओळ लिहून दिली, ह्यो माझ्याकडं राहतुया म्हून. त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं. आता माझ्याकडं दोन परदेशी मुली राहतात. मी फॉर्म पहिल्याच दिवशी भरतो. चहा निवायच्या आत होतो. पोलीस आले नाहीत, पंचायत आली नाही. सरकारी दवाखाना कुठं आहे आणि पासपोर्ट चालतो, हेही खोलीची किल्ली देतानाच सांगतो.

त्या दिवशी नांद्यात बाईंनी हौसेनं त्याची खोली दाखवली. रिकामी, झाडलेली. भिंतीवर खिळ्याला फक्त एक दिनदर्शिका, आणि तिच्यावर रोज एक, पेनानं केलेली गोळीची खूण. मी पानं मागं उलटली. शिमग्याच्या पुढचे सलग आठ दिवस कोरे होते. मी ते दोनदा मोजले.

बाहेर पडताना उंबऱ्याला अंगठा आपटला. चांगलाच, नख उलटलं. डबा हातातून निसटला आणि घाटा अंगणात सांडला. मी पाय धरून तसाच उभा राहिलो, कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून.

"बघून चाला की ओ," बाई म्हणाल्या, आणि केरसुणी आणायला आत गेल्या.