थिनरचा वास

कारखान्यात तिचं काम एकच, लोखंड कातणाऱ्या लेथ यंत्रांच्या खिडक्या सांभाळायच्या. खिडक्या पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे एका टणक प्लास्टिकच्या. दिसायला काच, पण हातोडा घातला तरी ढिम्म. यंत्रातून काही सुटून आलं तर वाकतील, पण फुटायच्या नाहीत. ही सगळी मिजास रंग पातळ करायच्या थिनरपुढे मात्र उतरते. थिनर लागत राहिला की आतल्या आत बारीक तडे जातात आणि भक्कम खिडकी एका फटक्यात बिस्किटासारखी मोडते.

हे शहाणपण तिला आलं ते नवरा गेल्यावर. तो याच लेथवर होता. टापटिपीचं एवढं वेड की सगळे त्याला चकचकराव म्हणायचे. रोज घरी निघण्याआधी डाव्या हाताने, गोल गोल, थिनरने खिडकी पुसायचा. फडकी तीच द्यायची, जुन्या चादरी फाडून. एका दुपारी यंत्रात फिरणारा लोखंडी तुकडा सुटला, खिडकी फोडून बाहेर आला आणि त्याच्या कपाळात बसला.

आता त्याच लेथवर मुलगा उभा राहतो. म्हणून ती रोज संध्याकाळी खिडक्यांचा वास घेते.

"मावशी, फुलं हुंगताय का?" कामगार चिडवतात. ती हसते आणि पुढची खिडकी हुंगते.

त्या संध्याकाळी मुलाच्या खिडकीला वास आला. तिने ती उतरवून दिव्यापुढे धरली. केसाएवढे तडे, गोल गोल. तिचं डोकंच फिरलं.

"कितीदा सांगितलं रे तुला! थिनर का लावलास?"

"मी कशाला लावू? सकाळी येतो तेव्हा चकचकीतच असते. मला वाटलं, तूच पुसतेस."

तिने पुन्हा बघितलं. फेर डाव्या हाताचे होते. मुलगा उजव्या हाताचा. कारखान्यात डावखुरा एकच होता, तिचा नवरा. तिच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं. त्याची तिला लाजच वाटली.

तिने नवी खिडकी बसवली. थिनरचा डबा कुलपात ठेवला. मग मनात आलं, त्याला कुलूप काय अडवणार?

सगळे गेल्यावर तिने लेथपाशी साबणाच्या पाण्याची बादली ठेवली. बादलीच्या काठावर चादरीचं मऊ फडकं टाकलं.

"अहो," किती वर्षांनी तिने ही हाक मारली, "तेव्हा मला माहीत असतं तर मी तुमच्या हातातून फडकं हिसकावून घेतलं असतं. पुसल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नाही, कळतंय मला. पुसा. पण या पाण्याने पुसा हो. आता समोर आपला मुलगा उभा असतो."