तीन महिने सांभाळा

चौथ्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले. तिरोड्याजवळच्या आमच्या गावातून मला बंडीत घालून स्टेशनावर आणलं आणि तिथून गाडीनं गोंदियाला नेलं, हे मला नंतर कळलं. मला आठवतो तो फक्त बंडीत अंथरलेल्या तणसाचा ओला वास. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ह्यांना बाहेर नेऊन सांगितलं, "इस बार बच गई. अगली बार मैं कुछ नहीं कर पाऊँगा." पोट उघडून माझं ऑपरेशन करायचं तर अंगात तेवढं रक्तच नव्हतं. मग डॉक्टर म्हणाले, तुमचंच करून घ्या, पुरुषाचं काम सोपं असतं.

ह्यांनी ते मला घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी सांगितलं. मी धाकटीला पाजत होते.

पुरुषाचं ऑपरेशन म्हटल्यावर आमच्या गावाला एकच गोष्ट ठाऊक होती. धान घरात आलं की गोऱ्हे खच्ची करणारा माणूस गावात यायचा. गोऱ्ह्याचे पाय दोरानं बांधायचे, चौघांनी दाबून धरायचं. तो हंबरडा ऐकवत नसे, म्हणून मी पोरांना घेऊन रांधणीत जायची आणि दार लोटून घ्यायची. ह्यांनी ऑपरेशन हा शब्द उच्चारला तेव्हा तोच हंबरडा माझ्या कानात आला.

सासूबाई फार लवकर विधवा झालेल्या. हे त्यांचे एकुलते एक. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या सुपातले तांदूळ तसेच ठेवून उठल्या.

"काऊन बाप्पा, आपल्याच हातानं बैल होऊन राह्यला तू? तुह्या बापानं असं केलं असतं त तू कुठून आला असता?"

"माय, मले चार हायेत. ही मेली त त्या चौघाइले कोन पाहीन?"

"मरनं-जगनं का डाक्टरच्या हातात हाय?"

शेजारच्या काकू तर रोज काही नवीन ऐकून यायच्या. असं करून घेतलेल्या माणसाच्या मिशा झडतात. आवाज बाईसारखा होतो. नांगराची मूठ हातात राहत नाही, दोन सालांत माणूस खाटेला लागतो. त्या हे सगळं अगदी मायेनं, माझ्या पाठीवर हात ठेवून सांगायच्या, त्यामुळे जास्तच खरं वाटायचं. मी रात्रंदिवस एकच हिशोब करत बसायची. मी गेले तर पोरांना बाप राहील, आजी राहील. हे गेले तर आम्ही दोघी विधवा आणि चार लेकरं. त्यापेक्षा मीच गेलेली बरी, असंही मनात येई.

एकदा धानाच्या बांधीवर न्याहारी घेऊन गेले तेव्हा मी धीर करून म्हटलं, "अजी, राहू द्या ते. आपन दूरच निजू."

ते भाकर मोडत होते. म्हणाले, "एवढे दिवस दूरच निजून राह्यलो ना. जलमभर जमंन का?"

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. ते म्हणाले, "पयले जाऊन इचारून तं येऊ. इचाराले का लागते?"

धाकटी पाय टाकायला लागली होती, तेव्हा आम्ही दोघं गोंदियाला विचारायला गेलो. डॉक्टर तेच, हिंदी बोलणारे, वयानं मोठे, तोंडानं फटकळ. ह्यांनी सरळच विचारलं, "साहेब, बैलावानी करता का?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, बैलाचं अंडच चेचून टाकतात, इथे त्याला हातही लावत नाही. तिथून वर एक बारीक नळी जाते, दोन्ही बाजूंना एकेक. तेवढी कापून बांधून टाकायची. दाढी-मिशा, आवाज, ताकद हे सगळं ज्यातून येतं ते आपल्या जागी तसंच राहतं. "हल चलाओ, बोरा उठाओ, सब पहले जैसा."

ह्यांना आणखी काही विचारायचं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे पाहिलं. डॉक्टरांना न विचारताच कळलं. "वह भी पहले जैसा," ते म्हणाले. मी पदर तोंडावर घेतला.

निघताना डॉक्टरांनी एक गोष्ट बोट दाखवून दोनदा सांगितली. नळी बांधली तरी तिच्या पुढे जे बीज आधीच आलेलं असतं ते काही दिवस राहतंच. बांधीचं तोंड बांधलं तरी आतलं पाणी लगेच आटत नाही, तसं. तीन महिने सांभाळा, मग येऊन तपासून जा. मी दुर्बिणीखाली पाहून सांगेन, तेव्हाच मोकळे. आम्ही दोघांनीही मान हलवली. खरं सांगायचं तर मला त्या वेळी फक्त चाकू दिसत होता.

धान मळून झाल्यावर, संक्रांतीच्या सुमाराला ऑपरेशन झालं. सासूबाई हट्टानं सोबत आल्या आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या. आत भांडं वाजलं की मी उठून दाराशी जायची. मी हंबरड्याची वाट पाहत होते. तो आलाच नाही. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "कितना धान हुआ इस साल?" आणि ह्यांचा आवाज आला, जरा कापरा, पण ओळखीचा. ते धानाचंच काही सांगत होते. मग ते स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आले, पाय फाकवून, घामानं भिजलेले. नंतर म्हणाले, सुई टोचली तेवढी लागली, पुढे दुखलं नाही, फक्त पोटातून कोणी दोरी खेचतं आहे असं वाटलं. सासूबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. बहुतेक मिशा पाहत असाव्यात.

डॉक्टरांनी बजावलं, लंगोट घट्ट बांधायचा, आठवडाभर पोतं उचलायचं नाही, सायकल चालवायची नाही. थोडी सूज येईल, काळंनिळं होईल, त्याला घाबरू नका. ताप आला, पू झाला किंवा सूज वाढतच गेली तर लगेच या. एवढं सगळं सांगूनही तिसऱ्या दिवशी ह्यांनी मला दाखवलं तेव्हा मी घाबरलेच. मांडीपर्यंत कातडी जांभळाच्या रंगाची झाली होती. सासूबाईंना कसं कळलं कोण जाणे, त्या ओसरीवर बसून रडायला लागल्या, जणू घरात कोणी गेलंच आहे. मी दिवसभर येता-जाता ह्यांच्या कपाळाला हात लावत होते. कपाळ थंड होतं. मी मनाला एकच गोष्ट सांगत होते, रंगाला भ्यायचं नाही, तापाला भ्यायचं. ते स्वतः खोकायलाही घाबरत होते. हळूहळू काळं निळं झालं, निळं पिवळं झालं आणि एक दिवस ते खाटेवरून उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

त्यांना आणखी एक भीती होती. ती त्यांनी मला बोलून दाखवली नाही, पण चांगले झाल्यावरही ते दूर दूरच राहत, कूस बदलून निजत. मला वाटे, डॉक्टरांचं सांगणं पाळत आहेत. तसं नव्हतं. डॉक्टरांच्या 'वह भी पहले जैसा'वर त्यांचा विश्वास बसत नव्हता. मोहफुलं पडायच्या सुमाराला कधीतरी ती भीती सरली. तेव्हा तीन महिने झाले नव्हते. "आता का हाय? बांधून टाकलं ना," ते म्हणाले आणि मलाही तसंच वाटलं. एवढी कापाकापी झाल्यावर आणखी काय उरणार?

मग माझी पाळी चुकली.

पहिल्यांदा मी अशक्तपणावर टाकलं. पुढच्या महिन्यात मोहाच्या वासानं पोट ढवळून आलं, तेव्हा अंगणातच बसले. डॉक्टरांचं ते वाक्य, अगली बार, आठवलं. पण त्या क्षणी मरणाची भीती मागून आली. पहिली भीती वेगळीच होती. माझा नवरा नळी कापून आला, हे साऱ्या गावाला ठाऊक. आता माझं पोट दिसणार. लोक काय म्हणणार, हे सांगायला कोणी नको होतं. शेजारच्या काकूंनीच एकदा दुसऱ्या गावची अशी गोष्ट सांगितली होती. त्या बाईला माहेरी धाडून दिलं होतं आणि माहेरच्यांनी घरात घेतलं नव्हतं.

मी कोणाला सांगायच्या आधीच काकूंना वास लागला. विहिरीवर आम्ही दोघीच असताना त्या म्हणाल्या, "पोरी, तो त कापून आला. मंग हे कोनाचं हाय?" त्यांनी ते हळूच विचारलं. मी घागर तशीच सोडून घरी आले.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ते माझ्याकडे पाहत राहिले. चार लेकरांच्या संसारात तशी नजर मी कधी पाहिली नव्हती. मग ते बैल घेऊन पाण्यावर निघून गेले. जेवायला आले ते खाली पाहून जेवले. दुसऱ्या दिवशी न्याहारी न घेताच बांधीवर गेले. मी पोरांना आंघोळी घातल्या, कपडे घडी करून ठेवले. कुठे जायचं हे माहीत नव्हतं, तरी घड्या घालत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दारात उभे राहिले. "चाल, गोंदियाले जाऊन येऊ."

डॉक्टरांनी मला तपासलं. मग ह्यांना बाटली देऊन आत पाठवलं. बराच वेळ दुर्बिणीत डोळा लावून पाहिलं आणि ह्यांनाच बोलावलं, "आओ, खुद देखो." हे वाकून पाहत राहिले. बाहेर येऊन म्हणाले, "अजून जितेच हायेत. वळवळ करून राह्यले." डॉक्टर त्यांना माझ्यादेखत खूप बोलले. मला ते बोलणं गोड लागलं.

घरी आलो तेव्हा काकूही ओसरीवर सासूबाईंजवळ बसलेल्या होत्या. हे उभ्यानंच म्हणाले, "माय, डाक्टरनं तीन महिने सांभाळा म्हनून सांगतलं होतं. आपन नाई आयकलं. लेकरू माह्यं हाय."

"लोकाइले का सांगू रे?"

"हेच सांग."

काकू पदर सावरून उठल्या. त्या दिवसापासून सासूबाई मला जड काही उचलू देत नसत. पण त्यांच्या डोळ्यांतली शंका पूर्ण गेली असं मला वाटलं नाही. ती पुष्कळ पुढे, या खेपेच्या मुलीला ह्यांच्यासारख्याच जुळलेल्या भुवया आल्या तेव्हा गेली असावी.

ते महिने मी कसे काढले, सांगता येत नाही. दर काही दिवसांनी रक्तवाढीची सुई घ्यायला गोंदियाला जायचं. शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी दवाखान्यातच ठेवून घेतलं. सासूबाई पोरांपाशी राहिल्या, हे माझ्याजवळ. प्रसूती झाली, रक्त गेलंच, पण थांबलं. शुद्धीवर आले तेव्हा हे खाटेच्या पायाशी जमिनीवर बसून झोपले होते आणि मुलगी रडत होती.

त्याच मुक्कामात ह्यांना पुन्हा तपासलं. या वेळी दुर्बिणीखाली काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता मोकळे.

पुढे गावातले काही जण बांधीवर येऊन ह्यांना आडून विचारायचे, दुखते का, ताकद राहते का. हे नांगराची मूठ न सोडता सांगायचे, पण शेवटी एक गोष्ट ठासून सांगायचे, तपासल्याबिगर भरवसा ठेवू नोको. त्यातले दोघं जाऊन आले, बाकीचे नुसते ऐकून गेले.

माझं म्हणाल तर भीती एकदम गेली नाही. डॉक्टरांनी मोकळं केल्यावरही कितीतरी वर्षं पाळी दोन दिवस लांबली की मी बोटांवर दिवस मोजत बसायची. हे विचारायचे, "का झालं?" मी म्हणायची, "काही नाही." आणि मग पाळी आली की चुलीपाशी बसून एकटीच चहा करून प्यायची.